मोठ्या हॉटेलात लॉयल्टी मेंबर म्हणून राहताना : बुकिंगपासून बिलापर्यंत

हॉटेलांच्या लॉयल्टी प्रोग्रॅमबद्दल, म्हणजे एकाच साखळीत राहून पॉइंट आणि मेंबरचा दर्जा मिळवायच्या योजनेबद्दल, आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक, 'सगळा मार्केटिंगचा फंडा आहे, हाती काही लागत नाही.' दुसरं, 'नुसतं मेंबर आहे म्हणून सांग, सरळ सुट (बैठकीसकट मोठी खोली) देतात.' पहिल्या माणसाने बहुधा ट्रॅव्हल साइटवरून बुकिंग केलेलं असतं. दुसऱ्याचा भाऊ निम्मं वर्ष कंपनीच्या खर्चाने फिरत असतो. वर्षाकाठी मोजक्या वेळा चांगल्या हॉटेलात उतरणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांना काय मिळणार, ते बरंचसं घरून निघण्याआधीच ठरतं: बुकिंग कुठून केलं, कुठला रेट घेतला, कुठल्या वारी गेलात. रिसेप्शनवर नीट बोलून त्यात थोडी भर पडते, एवढंच.

या लेखात उदाहरण म्हणून मॅरियट साखळीचा प्रोग्रॅम, मॅरियट बॉनवॉय, घेतला आहे. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरचं जेडब्ल्यू मॅरियट आणि येरवड्याला गोल्फ कोर्सजवळचं रिट्झ-कार्लटन, मुंबईत जुहू आणि सहारची दोन जेडब्ल्यू, लोअर परळचं सेंट रेजिस ही सगळी हॉटेलं त्या एकाच खात्यात येतात. तुमची कामं मुंबईत बीकेसीत असतील आणि सोफिटेल सोयीचं पडत असेल, तर अकॉरचा प्रोग्रॅम घ्या. पुण्यात मंगलदास रोडचं कॉनरॅड आवडत असेल तर हिल्टन ऑनर्स, सांताक्रूझचं ग्रँड हयात असेल तर वर्ल्ड ऑफ हयात. ताजसाठी टाटांचा न्यूपास आहे, त्यातला एक पॉइंट, म्हणजे न्यूकॉइन, म्हणजे सरळ एक रुपया, डोक्याला ताप नाही. तुमचं काम जिथे पडतं तिथे जवळ ज्याची हॉटेलं आहेत, तो तुमचा प्रोग्रॅम. चार ठिकाणी थोडे थोडे पॉइंट साठवून कुठेच काही होत नाही.

खातं उघडताना

नोंदणी फुकट आहे. पाच मिनिटांत होते. नाव मात्र आधार किंवा पासपोर्टवर आहे तसंच टाका. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मध्ये असतं, दुसऱ्यावर आडनाव आधी असतं, आणि पुढे पॉइंट जमा झाले नाहीत की भांडण इथूनच सुरू होतं.

नवरा-बायकोने वेगवेगळी खाती उघडावीत का? उघडायला हरकत नाही, पण राहण्याच्या रात्री एकाच्याच नावावर जाऊ द्या. पॉइंट नंतर एका मेंबरकडून दुसऱ्याला देता येतात, वर्षाला १,००,००० पर्यंत. राहिलेल्या रात्री मात्र देता येत नाहीत. आणि दर्जा वाढतो तो रात्रींवर.

घरच्या लग्नाला किंवा सहलीला जाताना उपयोगी पडणारा एक नियम: तुम्ही स्वतः तिथे राहत असाल आणि पैसे तुम्हीच भरत असाल, तर तीन खोल्यांपर्यंतचे पॉइंट तुमच्या खात्यात येतात. दर्जासाठी मोजली जाते ती मात्र एकच खोली. यजमानांनी सगळ्या खोल्यांचं बिल एकत्र भरायचं ठरवलं असेल, तर पाहुण्यांनी पॉइंटांची आशा धरू नये.

दर्जा कुठला, त्यात काय मिळतं

वर्षाला १० रात्रींवर सिल्व्हर, २५ वर गोल्ड, ५० वर प्लॅटिनम, ७५ वर टायटॅनियम. शंभर रात्री आणि वर २३,००० डॉलर खर्च असेल तर अँबॅसडर, पण ती माणसं असले लेख वाचत बसत नाहीत.

सिल्व्हरला १० टक्के जादा पॉइंट, बाकी सांगण्यासारखं फार नाही. गोल्डला २५ टक्के जादा पॉइंट, खोली उपलब्ध असेल तर थोडी बरी खोली आणि सोय असेल तर दुपारी २ पर्यंत चेक-आउट. गोल्डला नाश्ता फुकट नसतो. हे ठळक सांगायला हवं, कारण सकाळी रेस्टॉरंटच्या दारात रूम नंबर सांगून आत जायचं आणि बिल पाहून चमकायचं, हा प्रकार फार होतो.

खरा फरक पडतो प्लॅटिनमला. ५० टक्के जादा पॉइंट, उपलब्ध असेल तर सुटपर्यंत अपग्रेड, जिथे लाउंज (ठराविक पाहुण्यांसाठीची बैठक, खाण्यापिण्यासकट) आहे तिथे तुम्हाला आणि सोबतच्या एकाला प्रवेश, अनेक ब्रँडमध्ये नाश्ता आणि संध्याकाळी ४ चं चेक-आउट. हे ४ चं चेक-आउट शहरातल्या हॉटेलात हक्काचं आहे. रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन हॉटेलांत ते त्यांच्या सोयीवर असतं.

सगळ्या ब्रँडना एकच नियम नाही, हे लक्षात ठेवा. जेडब्ल्यूमध्ये प्लॅटिनमवाल्याला लाउंज आणि नाश्ता मिळतो. रिट्झ-कार्लटनच्या क्लब लाउंजमध्ये दर्जा दाखवून शिरता येत नाही आणि नाश्ताही फुकट नाही. पुण्यात दोन्ही आहेत, त्यामुळे हा प्रश्न आपल्या दारातच उभा राहतो. दर्जाचा पुरेपूर वापर करायचा असेल तर माझं मत सेनापती बापट रस्त्याला. रिट्झला जायचं तर त्या हॉटेलसाठी जा, कार्डासाठी नको.

दर्जा मिळाला की तो ते वर्ष, पुढचं अख्खं वर्ष आणि त्यापुढच्या फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतो. म्हणजे मार्चमध्ये मिळवलेला गोल्ड जवळजवळ दोन वर्षं वापरता येतो, तोच डिसेंबरमध्ये मिळवला तर चौदा-पंधरा महिने. डिसेंबरात दोन रात्री कमी पडतात म्हणून गावातल्याच हॉटेलात जाऊन झोपणारे लोक असतात. प्लॅटिनमसाठी एक वेळ समजू शकतो. सिल्व्हरसाठी असं करणं म्हणजे पैशाला पाय फुटणं.

कमी फिरणाऱ्यांसाठी एक रस्ता क्रेडिट कार्डाचा. एचडीएफसी बँकेचं मॅरियट बॉनवॉय कार्ड २०२३ साली आलं. वार्षिक फी ३,००० रुपये अधिक जीएसटी. त्यात सिल्व्हर दर्जा, दर्जाच्या हिशोबात १० रात्री आणि १५,००० पॉइंटांपर्यंतची एक मोफत रात्र मिळते. ती रात्र खरोखर वापरणार असाल तर फी वसूल होते. ड्रॉवरमध्ये पडून राहणार असेल तर नाही. कार्डांच्या अटी दरवर्षी हलतात, अर्ज करायच्या दिवशी बँकेच्या पानावरच्या अटी वाचा.

बुकिंग : सगळी मेख इथे

पहिला आणि न मोडायचा नियम: बुकिंग हॉटेलच्या अ‍ॅपवरून, वेबसाइटवरून किंवा त्यांच्या फोनवरून करा. ट्रॅव्हल साइटवरून केलेल्या बुकिंगवर पॉइंट मिळत नाहीत, रात्रही मोजली जात नाही, आणि दर्जाचे फायदे दिलेच तर ती हॉटेलची मेहेरबानी.

'पण तिकडे स्वस्त मिळतं ना!' मिळतं कधी कधी. अशा वेळी आधी मेंबर रेट बघा. लॉग-इन केल्यावर तो साध्या दरापेक्षा थोडा खाली दिसतो. तरीही बाहेर स्वस्त असेल तर बेस्ट रेट गॅरंटी म्हणून सोय आहे: थेट बुकिंग केल्यापासून २४ तासांच्या आत दुसरीकडचा कमी दर दाखवायचा. दावा मान्य झाला तर तो दर आणि त्यावर २५ टक्के सूट किंवा ५,००० पॉइंट, यातलं एक मिळतं. काही ब्रँडना वेगळे नियम आहेत. अट अशी की तारखा, खोलीचा प्रकार, माणसं, रद्द करायच्या अटी, सगळं तंतोतंत जुळलं पाहिजे. इथेच बहुतेक दावे गळतात: तिकडचा रेट नाश्त्याशिवाय असतो, इकडचा नाश्त्यासकट.

दुसरं, रेटच्या खालची बारीक अक्षरं. आगाऊ पैसे भरून घेणारा नॉन-रिफंडेबल रेट आणि आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येणारा रेट यांत फरक फार नसेल, तर दुसराच घ्या. लवचिक बुकिंग हातात असलं की दर उतरल्यावर नवं करून जुनं सोडता येतं. प्रवासाच्या आठवडाभर आधी एकदा दर तपासायचाच, ही सवय दर्जापेक्षा जास्त पैसे वाचवते.

तिसरं, वार. पुण्यातल्या किंवा सहारच्या हॉटेलांचं गिऱ्हाईक मुख्यतः कंपन्यांचं. सोमवार ते गुरुवार दर चढे, शुक्रवार ते रविवार उतार. गोव्यात बरोबर उलटं. त्यामुळे घरच्यांना घेऊन एक रात्र मोठ्या हॉटेलात घालवायची असेल, तर रविवारची रात्र घ्या आणि सोमवारी अर्धा दिवस रजा टाका. अपग्रेडची शक्यताही तेव्हाच जास्त, कारण सुट रिकामे असतात. लग्नाच्या मुहूर्तांवर हे गणित बिघडतं. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कोल्डप्लेचे कार्यक्रम होते, तेव्हा आजूबाजूच्या हॉटेलांचे दर कुठे गेले होते ते अनेकांना आठवत असेल.

चौथं, तारीख. अमेरिकेहून किंवा आखातातून येणाऱ्यांची विमानं मुंबईत मध्यरात्रीनंतर उतरतात. तुम्ही १५ तारखेच्या पहाटे २ वाजता पोचणार असाल, तर बुकिंग १४ च्या रात्रीचं हवं. आणि हॉटेलला फोन करून 'उशिरा येतोय, पहाटे पोचेन' हे कळवायला हवं, नाहीतर तुम्ही आलाच नाहीत (नो-शो) असं धरून खोली सोडून देतात. लवकर चेक-इन कुठल्याच दर्जाला हक्काचं नाही. सकाळी ७ ला खोली हवीच असेल, तर आदली रात्र विकत घेणं हाच खात्रीचा उपाय.

कराचं गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. म्हणजे ७,६०० ची खोली पडते ८,९६८ ला, आणि ७,४०० ची ७,७७० ला. दोनशे रुपयांच्या फरकावर जवळपास बाराशेचा फटका. आलिशान हॉटेलं बहुतेकदा या रेषेच्या बरीच वर असतात. पण त्याच साखळीतल्या कोर्टयार्डसारख्या हॉटेलात शनिवार-रविवारी मेंबर रेटने तुम्ही रेषेखाली येऊ शकता. तिथे मेंबरशिपची किंमत पॉइंटांत मोजूच नका.

पॉइंट वापरायचे की पैसे भरायचे

मॅरियटमध्ये बहुतेक ब्रँडना एका डॉलरच्या खर्चावर १० पॉइंट. कर सोडून. खोलीचं भाडं आणि खोलीच्या बिलावर टाकलेलं खाणंपिणं, दोन्ही धरतात. १४,००० रुपयांची रात्र, डॉलर ८८ च्या आसपास धरला, तर साधारण १,६०० पॉइंट. गोल्ड असाल तर २,०००.

या पॉइंटाची किंमत ठरलेली नाही. २०२२ पासून पॉइंटांचे दरही पैशांच्या दरांसारखे खालीवर होतात. म्हणून दर वेळी एक भागाकार करायचा. समजा त्याच खोलीचे करासकट १६,५२० रुपये होतात आणि पॉइंट लागतात २५,०००. १६,५२० भागिले २५,००० म्हणजे पॉइंटामागे ६६ पैसे. माझा अंदाज असा: ६० पैशांच्या वर गेलं तर पॉइंट वापरा, ४५-५० च्या खाली असेल तर पैसे भरा आणि पॉइंट ठेवा. मधल्या पट्ट्यात खिशाकडे बघून ठरवा.

पाच रात्री सलग पॉइंटांवर घेतल्या तर एक रात्र फुकट, सगळ्यांत स्वस्त असेल ती. आईवडिलांना मुंबईत उपचारासाठी किंवा परदेशातल्या नातलगांना सुट्टीत ठेवायचं असेल, तर हे फार कामाचं आहे.

पॉइंट कायमचे नसतात. २४ महिने खात्यात काहीच कमाई किंवा वापर झाला नाही तर ते जातात. क्रेडिट कार्डावरून थोडे जमा झाले तरी घड्याळ पुन्हा सुरू होतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी

अ‍ॅपवर बुकिंग उघडून मेंबर नंबर दिसतोय ना ते बघा. कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कने बुकिंग केलं असेल तर तर नक्कीच बघा. एकदा आमच्या सगळ्या टीमच्या रात्री एजंटाने स्वतःच्या कुणाच्या तरी नंबरवर टाकल्या होत्या, आणि ते निस्तरायला मुक्कामापेक्षा जास्त वेळ गेला.

मोबाइल चेक-इन करून पोचायची वेळ टाका. अ‍ॅपमधल्या चॅटवर एकच स्पष्ट विनंती लिहा. 'आई सोबत आहे, गुडघ्यांचा त्रास आहे, बाथटबऐवजी शॉवर असलेली खोली हवी.' अशा विनंतीवर हॉटेलं काम करतात. 'बेस्ट पॉसिबल अपग्रेड प्लीज' हे त्यांना रोज शंभर जण लिहितात.

ओळखपत्र प्रत्येक प्रौढाचं लागतं. आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र यांतलं काहीही. पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. सोबत परदेशी पासपोर्टवाला भाचा असेल तर पासपोर्ट आणि व्हिसा मूळ प्रतीत ठेवा. हॉटेलला त्याची माहिती २४ तासांत सरकारकडे कळवावी लागते, त्यामुळे तिथे सूट मिळणार नाही.

रिसेप्शनवर

दुपारी ३ ते ५ ही सगळ्यांत वाईट वेळ. एकीकडे खोल्या साफ होतायत, दुसरीकडे विमानतळावरून गाड्या येतायत. जमलं तर १ च्या सुमारास जाऊन बॅगा ठेवा, नाव नोंदवा आणि जेवायला जा. किंवा सरळ संध्याकाळी ७ नंतर पोचा. तोवर कुठल्या खोल्या रिकाम्या राहणार हे त्यांना कळलेलं असतं.

काउंटरवरची मुलगी 'थँक यू फॉर बीइंग अ गोल्ड मेंबर, सर' म्हणून खोलीच्या की-कार्डांचं पाकीट पुढे सरकवते. बहुतेक लोक तिथे मान हलवून लिफ्टकडे वळतात. थांबा. पाकिटावरचा खोलीचा नंबर बघा आणि विचारा: 'ही बुक केलेल्याच प्रकारातली आहे की वरची? वरच्या मजल्यावर, लिफ्टपासून लांब, काही आहे का आज?' ती पुन्हा स्क्रीनकडे बघते, दोन-तीनदा माउस हलवते, आणि पुष्कळदा काहीतरी निघतं. सुट नसेल, पण जुहूला मागच्या भिंतीऐवजी समुद्र दिसणारी खोली हीही काही लहान गोष्ट नाही. नाही म्हणाली तर हसून 'चालेल' म्हणायचं. मागे रांग उभी असताना नियमांचं पुस्तक काढू नका. तिच्या हातात असलेली खोली मग नक्कीच दुसऱ्याला जाते.

पैसे देऊन वरची खोली घ्यायचा प्रस्ताव आला तर रात्रीमागे किती, त्यावर कर किती, आणि नाश्ता-लाउंज त्यात धरलंय का, हे तीन प्रश्न विचारून मगच हो म्हणा. दोघांचा नाश्ता आणि संध्याकाळचं खाणं लाउंजमध्ये होणार असेल, तर कधी कधी हा सौदा खरंच चांगला असतो.

डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्डावर खात्यातले खरे पैसे अडकतात आणि सुटायला दिवस जातात.

त्याच वेळी उशिराच्या चेक-आउटचं बोलून ठेवा आणि ते बुकिंगवर लिहून घ्यायला सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्ट बदललेली असते, तोंडी शब्द कुणालाच आठवत नाही.

मुक्कामात

एसी आवाज करतोय, शेजारी लग्नाचा डीजे आहे, तर लगेच ड्युटी मॅनेजरला फोन करा. रात्री ९ ला तक्रार केली तर खोली बदलून मिळते. घरी पोचून लिहिली तर मेल येतो, 'वुई रिग्रेट द इनकन्व्हिनियन्स.'

जेवण बाहेर करणार असाल तर पॉइंटांच्या मोहाने हॉटेलात थांबू नका. दोन हजारांच्या जेवणावर सव्वादोनशे पॉइंट मिळतील, म्हणजे सव्वाशे-दीडशे रुपये. लोअर परळहून दादर-माटुंगा काही लांब नाही.

बिल

निघायच्या आदल्या रात्रीच बिलाची प्रत मेलवर मागवा. सकाळी ६ ला टॅक्सी खाली उभी असताना कुणी ओळी तपासत नाही. ओळी अशा दिसतात: खोलीचं भाडं १२,५००, सीजीएसटी ९ टक्के १,१२५, एसजीएसटी ९ टक्के १,१२५, मग रेस्टॉरंट, लाँड्री, मिनीबार. आधी भाडं बुकिंगच्या मेलशी जुळतंय का बघा. मग मिनीबार. तिथे तुम्ही न उघडलेली बाटली असू शकते. रेस्टॉरंटच्या बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती भूमिका उचलून धरली. 'हा काढा' एवढं म्हणणं पुरेसं असतं.

कंपनीच्या कामासाठी राहत असाल तर जीएसटी नंबर चेक-इनलाच द्या. आणि हिशोबनिसाला विचारून घ्या, कारण हॉटेल ज्या राज्यात आहे तिथलाच कर लागतो. पुण्यातल्या कंपनीने बंगळुरूच्या मुक्कामावर भरलेल्या कर्नाटकच्या कराची वजावट महाराष्ट्राच्या नोंदणीवर मिळत नाही.

शेवटी बिलावर तुमचा मेंबर नंबर छापलाय का बघा. नसेल तर तिथेच टाकून घ्या.

आठवडाभरात पॉइंट जमा व्हायला हवेत. नाही झाले तर अ‍ॅपमधून 'मिसिंग स्टे'ची विनंती टाका आणि बिलाची पीडीएफ जोडा. मुक्कामानंतर एका वर्षापर्यंत ही मुभा आहे. म्हणून बिलं मेलमध्ये एका वेगळ्या फोल्डरला टाकून ठेवा, आणि दर डिसेंबरच्या सुरुवातीला खात्यातल्या रात्री त्या फोल्डरशी ताडून बघा. एखादी राहिलेली रात्र तेव्हा सापडली, तर ती त्याच वर्षात मोजून घ्यायला महिनाभर हाताशी असतो.